हंडीपाशी कोण बसणार

एदुविहेसनं राजमा, कांदा, लसूण आणि पाणी विजेच्या भांड्यात घातलं, बटण मंदवर फिरवलं आणि उन्हाची टोपी डोक्यावर चढवली.

दारातून नणंदबाई फणकारल्या, "आमच्या आईनं जन्मभर मातीच्या हंडीत शिजवला. सोनोरातल्या बाईनं बटणावर राजमा करायचा? नुसते चोचले!"

"हंडीपाशी बसून राहावं लागतं, वन्सं. मला बसून चालायचं नाही."

ती परतली तेव्हा दिवस मावळत होता. हात धुतले तरी नखांतली माती निघेना. तिनं आधी झाकण उघडून राजम्याचा वास छातीभर ओढून घेतला. मग तो घोटून डुकराच्या चरबीत परतला, पळीमागे तव्याचा तळ दिसेपर्यंत, आणि वन्संपुढं ताटली सरकवली.

वन्संनी रोटीत घास गुंडाळला. चव आईच्या हातचीच होती, हे त्यांच्या तोंडावर दिसलं, तोंडून मात्र निघालं नाही. "आज पोरं शोधत कुठवर गेला होतात तुम्ही बायका?"

"ओढ्यापर्यंत. सळई जमिनीत ठोकायची, उपसायची, टोकाला मढ्याचा वास येतोय का हुंगायचं. उद्या ओढ्यापलीकडं. माझ्या लेकाला, लिसांद्रोला, उचलून नेणाऱ्यांनी जिथं पुरलं असेल, तिथून घरी आणणार."

वन्संनी घास ताटलीत ठेवला आणि तिच्या नखांतल्या मातीकडं पाहिलं.

सकाळी एदुविहेसनं बटण फिरवलं आणि वळली, तर दारात वन्सं. डोक्यावर टोपी, खांद्यावर फावडं.

"आईची हंडी उपडी घालून आलेय," त्या म्हणाल्या. "चल. आत्या आहे मी त्याची."