लाकडातले मासे

कुऱ्हाड बसली, तिवराचा जुना ओंडका मधोमध उकलला आणि आतून मासे निघाले.

पेत्रोनाच्या हातून कुऱ्हाड गळाली. किड्यांनी पोखरलेल्या भोकांत ते एकामागे एक दाटीवाटीने बसले होते. बोटाएवढे, तपकिरी, शेपटीपाशी काळा ठिपका. एकाने शेपूट आपटून उडी घेतली, कोरड्या ढेकळावर पडला, तिथून पुन्हा उडाला. त्याला मरायची काही घाई दिसेना.

आसपास पाणी नव्हतं. खाजणातलं डबकं कधीच आटलं होतं. तिने भोकात बोट घालून पाहिलं. आत नुसती ओल.

पार डँग्रिगा शहराच्या बाजारापर्यंत तिच्या नवऱ्याला, अन्सेल्मोला, लोक ‘लाकूडमाशा’ म्हणत. लाकडात मासे सापडले, असं तो तरुणपणी सांगून बसला होता. तेव्हापासून त्याने होडी काढली की किनाऱ्यावरून कोणीतरी ओरडायचंच, “काय अन्सेल्मो, आज कुठल्या झाडाला गळ लावणार?” पेत्रोनाही हसायची. एकदा तर लेकीच्या सासरच्यांसमोर ती बोलून गेली होती, “याचा शब्द म्हणजे लाकडातला मासा!” त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नव्हता.

तिने दोन मासे ओंजळीत घेतले आणि घराकडे धावत सुटली. अन्सेल्मो दारात जाळं सांधत बसला होता.

“माझं चुकलं,” ती धापा टाकत म्हणाली. “इतकी वर्षं चुकलं. हे बघ. ओंडक्यातून निघाले.”

एक मासा वळवळत तिच्या मनगटावर चढला. अन्सेल्मो त्याच्याकडे बघतच राहिला.

“कुठून निघाले?”

“लाकडातून! तू सांगायचास तसेच.”

“लाकडात मासे असतात?”

“म्हणजे, तू तेव्हा...”

“त्या दिवशी रिकाम्या हातांनी आलो होतो गं. तोंडाला आलं ते बोललो.”

ती इतकी हसली की मासे ओंजळीतून निसटले. दोघंही गुडघ्यांवर बसली. मासे उड्या मारत माठाखालच्या ओलीकडे निघाले होते.

“चल, आत्ता गावात सांगू,” पेत्रोना डोळे पुसत म्हणाली. “सगळ्यांची तोंडं बंद होतील.”

अन्सेल्मोने माशांवरची नजर काढली नाही.

“तूच सांग,” तो म्हणाला. “खोटं होतं तोवर छातीठोक सांगत आलो. खरं मला नाही जमायचं.”