ताईंचे पॅच

ताईंनी लिहिलेले कोडचे सगळे बदल, म्हणजे पॅच, जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये चढवायचं काम साहेबांनी हौसेने अंगावर घेतलं. चढवताना लेखक म्हणून कुणाचंही नाव टाकता येत होतं ना! ताईंना नोकरीवरून त्यांनीच हाकललं होतं. आता नाव पुसलं, की खेळ खलास.

जाताना ताई एवढंच म्हणाल्या होत्या, "माझ्या नावाला हात लावू नका, साहेब. ते चावतं."

भरदुपारी साहेबांनी पहिला पॅच स्वतःच्या नावाने चढवला. तो अलगद बसला. तेवढ्यात त्यांचं लक्ष दाराकडे गेलं.

"अरे, माझी पाटी कुणी पुसली?"

"ती कोरीच होती की, साहेब!" शिपाई हसला आणि चहा आणायला गेला.

दुसरा पॅच बसला, आणि टेबलावरच्या फोटोत बायको आणि लेक यांच्यामधली साहेबांची जागा रिकामी झाली.

साहेबांनी घाबरून हात मागे घेतले. तिसरा पॅच आपोआप चढला. चौथाही. त्यांनी वायर उपटली, तरी स्क्रीन चालूच.

शेवटचा पॅच बसला तेव्हा शिपाई चहा घेऊन आला. त्याने सरळ साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं.

"ताई, चहा."

साहेबांनी किंचाळायला तोंड उघडलं.

"ठेव रे," त्यांच्या तोंडून ताई म्हणाल्या.