पहिला हात

ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर सोनाबाईची लेक दिसू लागली, तसा शिपाई तुळाजी दारातच थबकला.

गावात इंटरनेटची केबल आणायचा ठराव ग्रामसभेत आला, तेव्हा सरपंचबाईंनी पडद्यावर समोरासमोर बोलणाऱ्या माणसांचं चित्र दाखवलं होतं. सगळ्यांत आधी हात वर केला तो जन्माच्या मुक्या-बहिऱ्या सोनाबाईनं. "आता हिला फोन कुणाला लावायचाय?" तुळाजी ओरडला आणि सभा खदखदून हसली.

आज केबल पोचली. सकाळपासून जो तो परगावच्या माणसांशी बेंबीच्या देठापासून ओरडत होता. मग सोनाबाईची पाळी आली. तिची लेकही मुकी-बहिरीच. सुरतेला दिल्यापासून सहा वर्षं मायलेकींचं बोलणं झालं नव्हतं.

सोनाबाईनं पदर खोचला आणि तिचे हात सुटले. बोटं धावली, रुसली, गोंजारू लागली. पलीकडून लेकीची बोटं तितक्याच झपाट्यानं भांडत होती. कचेरी चिडीचूप झाली. एवढी बडबड तुळाजीनं जन्मात पाहिली नव्हती.

एकाएकी सोनाबाईनं त्याच्याकडे बोट दाखवून लेकीला काहीतरी सांगितलं. दोघी पोट धरून हसल्या. काय बोलल्या, ते तुळाजीला कळेना. ग्रामसभेत सोनाबाईनं केला होता तसा त्यानं हळूच आपला हात वर केला.