वाटणीतला व्हिडिओ गेम

वाटणीत गेमचं मशीन थोरल्या शिवप्पाकडं आलं. त्याचा स्क्रीनवाला रिमोट पंचांना टॅब वाटला, म्हणून तो धाकट्या गुरुकडं गेला. हॉलच्या मधोमध भिंत उठली आणि भावांचं बोलणं बंद झालं. आज कुणी हात न लावता मशीनचा दिवा पेटला. भिंतीपलीकडून गुरुच्या पोरीनं बापाला आरोळी दिली, "अप्पा, चालू झालं की!" शिवप्पाची बायको उसळली. "लाईट बिल आपलं अन् खेळणार ती? पिन काढा की वो!" शिवप्पा उठला. तेवढ्यात पोर रडकुंडीला आली. "अप्पा, परत रेंज गेली." शिवप्पानं वायरीला हात घातला. त्यानं वायरीचा गुंता सोडवला, मशीन उचललं आणि फरशीवर भिंतीला अगदी खेटून ठेवलं. बायको त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग विटांमागून गुरुचा दबका आवाज आला, "रेंज आली, अण्णा."