पाठीचं माप

गोपाळकृष्ण सरांनी तिसरी सॅकही पाठीवरून उतरवली आणि काउंटरवर ठेवली.

"ही विमानात वरच्या कप्प्यात मावेल, पण डोंगरात खांदे काढील. ती मोठी डोंगरात चालेल, पण विमानात सामानात टाकावी लागेल. पराग, दोन्हीकडे चालेल अशी काढ."

माधव नगरातलं हे दुकान परागचं. शाळेत तो सरांकडे भूगोल शिकला होता. आता कानांवरचे केस पांढरे झाले, तरी सरांसमोर तो स्टुलावर बसत नसे. शिडी लावून त्याने माळ्यावरून आणखी दोन सॅक काढल्या.

सरांची मुलगी अश्लेषा बाजूला उभी राहून हसत होती. हसणं तिला आता चांगलं जमू लागलं होतं. बाबांना अल्सर आहे, औषधांनी बरा होईल आणि ऑक्टोबरात दोघांनी हिमालयात तुंगनाथला जायचं, देहरादूनपर्यंत विमानाने, पुढे गाडीने आणि शेवटी पायवाटेने, हे ती उन्हाळ्यापासून सांगत आली होती. इंदूरच्या डॉक्टरांनी खरं काय ते तिला आणि तिच्या भावाला, आदित्यला, दाराबाहेर सांगितलं होतं. दिवाळी दिसली तर खूप. आईला तिच्या आजाराचं नाव कळलं त्या दिवसापासून तिने ताटाकडे बघणं सोडलं होतं. बाबांचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच भावाबहिणीने ठरवलं होतं. आदित्य पुण्याला परतला. खोटं सांभाळायला अश्लेषा उज्जैनला राहिली.

बाबा मात्र कशावरही शंका घेत नव्हते. शर्ट खांद्यांवरून ओघळत होता, पण आवाज वर्गातलाच होता. त्यांनी नव्या सॅकची चेन फिरवून ती सूटकेससारखी उघडली. तपासणीत सगळं उपसावं लागणार नाही, म्हणाले. मग कमरेचा पट्टा ओढून बघितला.

"वजन खांद्यांवर नाही, कमरेवर यायला हवं. नाहीतर माणूस दुसऱ्या वळणावरच बसतो."

शेजारच्या किराणा दुकानातून आट्याची थैली आणवून त्यांनी सॅकमध्ये भरली. एकदा स्वतः घालून बघितली, मग अश्लेषाच्या पाठीवर चढवली.

"मी कशाला?"

"मागून कशी बसते ते मला माझ्याच पाठीवर कसं दिसणार? उभी राहा. कुबड काढू नकोस. लहानपणापासून सांगतोय."

ती ताठ झाली. सॅक उतरवल्यावर त्यांनी मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत तिच्या पाठीवर वीत टेकवत नेली आणि अजून वाकडीच आहेस, असं पुटपुटले. ती हसली. शाळेत असताना दर जूनमध्ये ते भिंतीवर तिची उंची मोजत, तसंच हे.

पराग म्हणाला, "सर, पर आपकी हाइट के हिसाब से तो यह..."

"पराग, तू नववीतही मधेच बोलायचास. पाठीचा भाग वरखाली सरकतो ना? मग झालं."

सरांनी रंग अश्लेषाला विचारला. काळा, राखाडी आणि मोरपंखी होते. तिने मोरपंखीवर बोट ठेवलं. धुक्यात उठून दिसेल, असं म्हणत त्यांनी तोच घेतला.

घरी आल्यावर त्यांनी दाभण आणि जाड दोरा मागितला. पट्ट्यांची टोकं लोंबली तर विमानतळावर अडकतात, म्हणाले. मी शिवते, असं ती म्हणाली, तेव्हा तुझी शिवण मला माहीत आहे, असं उत्तर आलं. चष्मा नाकावर ओढून ते गॅलरीत बराच वेळ बसले होते. दोरा दातांनी तोडून त्यांनी सॅक खुंटीला अडकवली.

"मी बरोबर बसवलीय. आता कुणी हात लावायचा नाही."

त्या रात्री त्यांनी मऊ खिचडी मागून घेतली. अश्लेषाने स्वयंपाकघरातून आदित्यला फोन केला आणि हळू आवाजात सांगितलं, "चिंता करू नकोस. त्यांना काही म्हणजे काही माहीत नाही."

सकाळी ती चहा घेऊन गेली, तेव्हा चहा प्यायला कोणी नव्हतं.

आदित्य आला. रामघाटावर अस्थी सोडल्या, दिवस झाले, पाहुणे पांगले. निघताना आदित्य खुंटीकडे बघून म्हणाला, की सॅक परत करून टाक, डोळ्यांसमोर नको. तिने परागला फोन लावला.

"ले आइए दीदी, कोई बात नहीं। बस, एक बार पहनकर देख लीजिए, फिर लाइए।"

तिला त्याचा अर्थ लागला नाही. परत द्यायची तर बाबांनी घातलेले टाके आधी उसवायला हवे होते. कात्री घेऊन ती खुंटीपाशी गेली. मग कात्री बाजूला ठेवून तिने सॅक उतरवली आणि पट्ट्यांत हात घातले. बाबा तिच्याहून वीतभर उंच. कमरेचा पट्टा आपल्या मांडीवर येणार, हे ती धरूनच चालली होती.

तो कमरेच्या हाडांवर येऊन बसला. खांद्यांवरचे पट्टे खांद्यांना लागले. छातीवरचं बक्कल कुठेही न ओढता लागलं.

तिने एक पट्टा सैल करायला ओढला. सरकला नाही. जवळजवळ घातलेले, दुहेरी दोऱ्याचे टाके त्याला जागचं हलू देत नव्हते.

अश्लेषा ताठ उभी राहिली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "अल्सर नव्हता."