दहा मिनिटांची घंटा

१९५६ साली चांद्याच्या ख्रिस्ती परिषदेत अध्यक्षांनी माझ्या हाती पितळी घंटा दिली. "बाई, पाळकमंडळी बोलत सुटतात. दहा मिनिटं झाली की वाजवा, कोणाची भीड ठेवू नका." शेवटचं बोलणं जंगलातल्या गावाहून आलेल्या सुकरीचं होतं. तिची दोन लेकरं हिवतापानं गेली होती. गावाला मिशनची नर्सबाई मिळावी, एवढंच तिला मागायचं होतं.

प्रार्थना चालू असताना आवाज करायचा नाही, हा माझा लहानपणापासूनचा नेम. तो सगळ्या पाळकसाहेबांना कसा कळला, देव जाणे. मी घंटा उचलली की ते डोळे मिटून म्हणत, "आपण प्रार्थना करू या," आणि उरलेलं भाषण देवालाच ऐकवत. एकांनी तर देवाला पाऊण तास थांबवून धरलं.

"बाई, माहा नंबर कवा?" सुकरीनं तिसऱ्यांदा विचारलं. "आमचे लोक गाडी जुपून राह्यले. रस्त्यानं वाघ हाये."

"येईल गं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

उन्हं कलल्यावर तिचं नाव पुकारलं. ती हात जोडून उभी राहिली आणि थोरल्या पोरीपासून सांगू लागली. ती कशी तापली, कशी गेली. धाकट्यापर्यंत आली, तोच अध्यक्षांनी घड्याळ पाहून मला मानेनं खूण केली.


दिवसभरात घंटा तेवढी एकदाच वाजली. डोळे मिटायचे असतात, हे सुकरीला कोणी सांगितलंच नव्हतं.