कप्तानाचा नांगर

आरमारी लढायांच्या कादंबऱ्या लिहिणारे लेखक आपल्या बाराव्या, शेवटच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहून चाटच पडले. त्यांचा कप्तान शेतात उभा होता, खांद्यावर नांगर घेऊन.

"अहो बाई, हे काय काढलंत?"

"तुम्हीच लिहिलंय की," चित्रकार बाई म्हणाल्या. "शेवटचं वाक्य. 'अखेर कप्तानाने नांगर टाकला.'"

"तो जहाज थांबवायचा नांगर हो."

"असं होय? मला आपलं वाटलं, इतक्या लढायांनंतर बिचारा सुखाने शेतीला लागला."

लेखकांनी चित्र पुन्हा पाहिलं. बारा पुस्तकांत कप्तान पहिल्यांदाच हसत होता.

चित्र तसंच छापलं गेलं. लेखकांनी फक्त शेवटच्या वाक्यातलं 'टाकला' खोडून 'धरला' केलं.